फुलपाखराचं झालं, आता माणसाचंही शिकवा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयुष्यात पहिल्यांदाच पेपरला पत्र लिहितोय, त्यामुळं चूकभूल द्यावी घ्यावी. तुमचा पेपर माझ्या दुकानात रोज दोन कामाला येतो, सकाळी मी वाचतो आणि दुपारनंतर त्याच पानांत सॅनिटरी पॅड गुंडाळून देतो. हसू नका, खरं तेच सांगतोय. अक्कलकोट रोडला आतल्या बाजूला माझं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. आजूबाजूला सगळी यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती, गिऱ्हाईक कोण तेलुगूत बोलतं, कोण कन्नडमध्ये, कोण आपल्या सोलापुरी हिंदीत. मला ह्या तिन्ही भाषांतली फक्त दुखणी समजतात, तेलुगूत कोणी जेवायला बोलावलं तर कळणार नाही.

मुद्द्यावर येतो. मागच्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकाचं पत्र होतं की शाळेनं गणित इंग्रजी नीट शिकवावं, माणूस कसा वाढतो, वयात कसा येतो, म्हातारा कसा होतो हे असलं शाळेत कशाला, मुलं ते घरी बघून शिकतातच. वाचता वाचता माझा चहा गार झाला. घरी बघून काय शिकतात ते मी काउंटरच्या ह्या बाजूनं रोज बघतो की ओ.

एप्रिलमधली गोष्ट. दुपारचे दोन-अडीच, रस्त्यावर कुत्रं नाही, पारा ४३ च्या आसपास. एक पोरगी आली, नववीतली असेल, अंगावर शाळेचाच ड्रेस आणि कडेवर आठ महिन्यांचा भाऊ. म्हणाली, "काका, बाळाची टाळू बसलीय, टाळूवर लावायचं तेल द्या." मी काउंटरवरून वाकून बघितलं तर खरंच डोक्यावर मधोमध वाटीसारखा खड्डा पडलेला आणि बाळ रडत पण नव्हतं, नुसतं बघत होतं. जुलाब होतायत का म्हटलं, तर होय, कालपासून. शू कधी केली? पोरीनं बराच विचार केला आणि म्हणाली सकाळपासून दुपटं कोरडंच आहे. पाणी पाजलं का? "आई म्हणाली जुलाब थांबेपर्यंत पोटात काही देऊ नको." आई कुठाय तर विड्या द्यायला कारखान्यात गेलेली.

तेल मी दिलं नाही. एक लिटर पाण्याच्या बाटलीत ओआरएसची पुडी मोडली, तिला खुर्चीवर बसवलं आणि चमच्या चमच्यानं पाजायला लावलं, मग रिक्षा थांबवून दोघांना सिव्हिलला पाठवलं. टाळू म्हणजे काही घसरून खाली बसलेलं हाड नाही जे तेल थापून वर येईल. बाळाच्या कवटीची हाडं जन्मताना एकमेकांना जुळलेली नसतात, जन्माच्या वेळी डोकं दबून बाहेर यावं आणि नंतर मेंदूला वाढायला जागा मिळावी म्हणून, मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत भरते आणि पुढची साधारण दीड वर्षापर्यंत. अंगातलं पाणी कमी झालं की ती आत जाते, म्हणजे बाळानं डोक्यावर लावलेली ती धोक्याची पाटी आहे, आणि आपण त्या पाटीला तेल लावत बसतो.

चार दिवसांनी ती पोरगी उरलेल्या झिंकच्या गोळ्यांचं विचारायला आली, भाऊ बरा होता, माझा चष्मा ओढत होता. मी सहज विचारलं शाळेत विज्ञानात काय चाललंय. तिनं फुलाचे भाग धडाधड म्हणून दाखवले, निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. फुलपाखराचं जीवनचक्र पण पाठ, अंडी, अळी, कोश, फुलपाखरू. मला कौतुक वाटलं आणि वाईट पण वाटलं. कारण जास्वंद उलगडून बघायची तिच्यावर कधी वेळ येईल न येईल पण ते बाळ दिवसातले आठ तास तिच्याच कडेवर असतं, आमच्या भागात दिवसभर बाळ सांभाळणारं माणूस म्हणजे मोठी बहीण किंवा आजी. आईबापांचे वर्ग घेऊन उपयोग नाही असं मी म्हणत नाही, पण खरी सांभाळणारी शाळेच्या बाकावर बसलेली आहे आणि तिला आपण पुंकेसर शिकवतोय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आठवी ते दहावीला माणसाची वाढ आणि विकास, जन्मापासून ते पार मरेपर्यंत, हा नीट शिकवायचा भाग करा. एक तुकडा विज्ञानात, एक तुकडा कुठंतरी अकरावीच्या मानसशास्त्रात असा नको. आता आहे काय तर दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या पुस्तकात प्रजनन आणि मासिक पाळी आहे, तो पाठ बऱ्याच ठिकाणी "घरी वाचून या" ह्या खात्यात जातो. पुढं अकरावी बारावीला बोर्डात बालविकास नावाचा स्वतंत्र विषय आहे, फार चांगला विषय, पण तो घेणारी कॉलेजं शोधावी लागतात आणि घेतात त्या बहुतेक मुलीच, जसं काय मुलांना बाळं होतच नाहीत. आणि आमच्या भागात अकरावीपर्यंत पोचायच्या आत किती जणी गळतात ते तुम्हाला मी सांगायला नको. सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५, २०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं. म्हणजे जी गोष्ट सांगायची ती दहावीच्या आतच सांगितली पाहिजे, नंतर वर्ग रिकामा.

काय शिकवायचं म्हणाल तर आकडे सुद्धा फार गमतीचे आहेत. मूल जन्मतं साधारण तीन किलोचं, पहिल्या काही दिवसांत वजन उलट थोडं उतरतं (इथंच आज्या घाबरतात आणि वरचं दूध चालू करतात), पाचव्या महिन्याला दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. उंची जन्मताना ५० सेंटिमीटर, वर्षाला ७५, चौथ्या वर्षी १००. पहिल्या वर्षाच्याच वेगानं वाढत राहिलं असतं तर दहावीतलं पोरगं वर्गाच्या छपराला लागलं असतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणी सुद्धा नाही, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात पण नाही, कारण त्या दुधात पाणीच जास्त असतं. हे मी सांगितलं की लोक माझ्याकडं असं बघतात जसं काय मी पाण्याचं बिल वाचवायला सांगतोय. आठवी-नववीच्या पोरांना हे आलेख काढायला द्या ना, गणिताचा तासही वाया जात नाही.

आणि प्रात्यक्षिकाला प्रयोगशाळा लागत नाही, अंगणवाडी पुरते. अंगणवाडी हा आपल्या मराठी माणसांनी देशाला दिलेला शब्द आहे, ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडकडं मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तिथून तो आला. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे पन्नास वर्षं झाली, आणि आजही गल्लीतल्या अंगणवाडीत बाई बाळाचं वजन करून तक्त्यावर टिंब मांडतात. त्यांच्याकडं दंडाचा घेर मोजायची एक रंगीत पट्टी असते, सहा महिने ते पाच वर्षाच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की लाल, म्हणजे ताबडतोब दवाखाना. ती पट्टी वापरायला नववीच्या मुलाला पाच मिनिटं लागतात. नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, त्यातले दोन दिवस पाठवा की पोरांना अंगणवाडीत, कुंभाराच्या चाकावर फोटो काढून झाले असतील तर.

घरी करायचे प्रयोग पण आहेत. माझी बहीण बीएड करत होती तेव्हा तिच्या वहीत मी पियाजे नावाच्या स्विस माणसाचं वाचलं होतं, त्यानं स्वतःच्या तीन मुलांना बघून बघून पोरांची बुद्धी कशी पायऱ्या चढते ते लिहिलं. खरं वाटेना म्हणून दिवाळीला भाच्यावर करून बघितलं. तो पाच वर्षांचा. दोन सारख्या ग्लासात सारखं ताक ओतलं, दोन्हीत सारखं का? हो. मग त्याच्या डोळ्यासमोर एकातलं ताक उंच नि अरुंद ग्लासात ओतलं. आता? म्हणाला "मामा, उंचवालं जास्त आहे, मला ते दे." परत ओतून दाखवलं, सारखं का, हो, परत उंच ग्लासात, परत जास्त. त्याची आठ वर्षांची बहीण शेजारी बसून कपाळाला हात लावत होती, "अरे वेड्या ओतलं तरी तेवढंच ना." तिला तो बावळट वाटत होता पण तीन वर्षांपूर्वी ती पण असंच म्हणाली असती. हे ज्यानं एकदा बघितलं तो माणूस पाच वर्षाच्या पोराला "कळत नाही का तुला" म्हणून धपाटा घालताना दोनदा थांबेल असं मला वाटतं, मी तरी थांबतो, नेहमी नाही.

आता उंचीचं. आठवड्यात एक तरी पोरगा येतोच, इकडं तिकडं बघून हळू आवाजात, "काका उंची वाढायची पावडर कुठली चांगली?" टीव्हीवर जाहिराती बघून डब्बे घेऊन जातात, बापाचे दोन दिवसांचे पैसे. मी धंदा करतो, खोटं बोलत नाही, विकलेत मी पण डब्बे. पण आता बिलाच्या मागच्या बाजूला हिशोब करून देतो, आईची उंची अधिक बाबांची उंची सेंटिमीटरमध्ये, मुलगा असेल तर त्यात १३ मिळव, मुलगी असेल तर १३ वजा कर, दोनानं भाग, त्याच्या आठ-दहा सेंटिमीटर इकडं तिकडं तू थांबणार. आणि घाई करू नको म्हणतो, मुलींची उंची झपकन वाढायची वेळ साडेअकरा-बाराच्या सुमाराला येते, मुलांची त्याच्या दोन वर्षं मागून, म्हणून सातवीच्या वर्गात मुली ताडासारख्या आणि मुलं बुटकी दिसतात, त्यात कुणाचं काही चुकलेलं नसतं. आधी हातपाय वाढतात मग धड, सहा महिन्यांत चप्पल लहान झाली तर समज गाडी सुटलीय. हाडांच्या टोकाला वाढीच्या पट्ट्या असतात, त्या एकदा बुजल्या की कुठलीच पावडर काही करत नाही. एक पोरगा हे ऐकून पावडर न घेता गेला आणि दुसऱ्या दिवशी चार मित्रांना घेऊन आला, सगळ्यांचा हिशोब करून द्या म्हणाला. माझं गिऱ्हाईक गेलं पण दुकानाबाहेर अर्धा तास गणिताचा तास भरला होता.

आणि मग तो पॅड गुंडाळायचा पेपर. पोरगी येते, दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं की बाजूला उभी राहते, सगळे गेले की बोटानं दाखवते, तोंडानं नाव घेत नाही. मी पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी. गुटखा लोक उघड्या हातात घेऊन जातात हो, ह्याला मात्र दोन आवरणं. २००७ मध्ये आपल्याच राज्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात आरडाओरडा झाला आणि ते बंद पडलं, तेव्हापासून शाळा त्या शब्दालाच घाबरतात. मागच्या पत्रातल्या गृहस्थांची पण खरी भीती तीच असावी, लिहिली नाही एवढंच. मला वाटतं चूक अशी होते की आपण सगळं आयुष्य सोडून नेमका तेवढाच एक पाठ पोरांपुढं ठेवतो, मग ती खिदळणार नाहीत तर काय, मास्तर पण घामेजतो. तेच जर टाळूपासून सुरू केलं, दुधाचे दात पडले, मिसरूड फुटलं, पाळी आली, आवाज फुटला, अक्कलदाढ आली, चाळिशी लागली, पाळी गेली, गुडघे धरले, असं एका दमात सांगितलं तर पाळी मध्ये कुठंतरी रांगेत येऊन जाईल, दात पडण्यासारखी. खिदळायला वेळच मिळणार नाही.

बघा, आपल्या भाषेत ह्या विषयाचा सगळा अभ्यासक्रम आधीच आहे. जवळचं वाचायच्या चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो, कारण चाळीसच्या आसपास डोळ्याचं भिंग कडक व्हायला लागतं आणि जवळचं दिसत नाही, मी स्वतः आता गोळ्यांच्या पत्त्यावरची एक्स्पायरी हात लांब करून वाचतो. आणि गद्धेपंचविशी! पुढचा मागचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो असं आता शास्त्रज्ञ सांगतात, भावनांचा भाग मात्र वयात येतानाच जोरात पेटलेला असतो, म्हणजे गाडीला इंजिन आधी बसतं आणि ब्रेक नंतर. आपल्या म्हाताऱ्यांनी मशिनीत न बघता आकडा बरोबर पंचवीस कसा काढला हे मला कोडंच आहे.

झोपेचं पण तसंच, ह्या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटतं, पोरगा अकराला झोपत नाही आणि सहाला उठत नाही त्यात निम्मा मोबाईलचा दोष असेल पण निम्मा शरीराचा आहे, झोप मात्र आठ ते दहा तास लागतेच. २०२४ मध्ये सरकारनं नियम काढला की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका. चांगलं केलं, पण लहान पोरं तर कोंबड्याबरोबर उठून बसतात, ज्यांना खरंच उठवत नाही ती नववी-दहावीची पोरं सातच्या शाळेत पेंगत बसलेली असतात.

चाळिशीनंतरचं तर पोरांना कोणी सांगतच नाही. आपल्याकडं बायकांची पाळी साधारण ४६-४७ ला जाते, त्याच्या आधी दोन-चार वर्षं अंगातून वाफा, झोप नाही, चिडचिड. त्याच वेळी घरातली पोरगी चौदा-पंधराची असते, तिची पाळी नुकती बसत असते, आणि ह्या दोघी एका दहा बाय दहाच्या खोलीत. भांडणं होणार नाहीत तर काय. दोघी माझ्याकडं डोकेदुखीची गोळी मागायला येतात, वेगवेगळ्या वेळी.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. माझी आई ७४ वर्षांची. दोन-अडीच वर्षांपूर्वी तिनं शेंगा चटणीत मीठ दोनदा घातलं. मग गॅस चालू राहिला. मग संध्याकाळ झाली की विचारायला लागली, "भोंगा झाला का रे? तुझे बाबा आले नाहीत अजून." बाबा मिलमध्ये होते, मिल कधीच बंद पडली, बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. मी औषधं विकणारा माणूस, मला पहिल्यांदा काय सुचलं असेल तर चिडणं. "आई किती वेळा सांगू." आणि लोकांना सांगायचं, साठी बुद्धी नाठी, दुसरं काय. एका डॉक्टरकडं नेलं तर त्यांनी मान वर न करता वयच आहे म्हणून सांगितलं आणि टॉनिक लिहून दिलं, ते टॉनिक मीच माझ्या रॅकवरून काढून आईला दिलं. अशी दीड वर्षं गेली.

मुलगी माझी तेव्हा आठवीत. ती एक दिवस म्हणाली, "बाबा, आजी किल्ली कुठं ठेवली ते विसरत नाही, किल्ली कशाला असते ते विसरते, हे वेगळं असतं ना?" कुठून कळलं तर मोबाईलवर काहीतरी बघितलेलं. ते वाक्य ऐकून मी उठलो. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी-१२ पार तळाला गेलेलं, थायरॉईड पण बिघडलेलं. ह्या दोन्ही गोष्टींनी विसरभोळेपणा वाढतो आणि दोन्हीवर औषध आहे, स्वस्तातलं, माझ्या दुकानात तिसऱ्या कप्प्यात असतं. इंजेक्शनं सुरू केल्यावर आई थोडी सावरली, सगळी नाही, डॉक्टर म्हणाले स्मृतिभ्रंशाची सुरुवात पण आहेच, तो भाग परत येणार नाही. चटणी आता मुलगी करते आणि आई शेजारी बसून कूट चाखून मीठ सांगते, ते मात्र अजून बरोबर सांगते. भोंग्याचं विचारलं की मुलगी म्हणते "अजून वेळ आहे आजी," आणि आई शांत होते. नवीन आठवणी आधी पुसतात आणि जुन्या शेवटपर्यंत राहतात, म्हणून मिल तिच्या डोक्यात अजून चालू आहे. हे मला शाळेत असताना कोणी सांगितलं असतं तर ती दीड वर्षं मी तिच्यावर ओरडलो नसतो.

म्हातारपणाचं किती साधं साधं असतं जे पोरांना सांगता येईल. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, शरीरातलं पाणी कमी झालं तरी कळत नाही, म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात आजोबांना "पाणी हवंय का" असं विचारायचं नाही, तांब्या हातात द्यायचा. माणूस वय झाल्यावर खरंच बुटका होतो, मणक्यांमधल्या गाद्या चपटतात, आईचा हात पूर्वी मांडणीच्या वरच्या फळीला पोचायचा आता पोचत नाही. मूत्रपिंडं मंद होतात म्हणून औषध अंगात जास्त वेळ राहतं, आणि लहान मूल म्हणजे अर्धा माणूस नाही म्हणून मोठ्यांची गोळी मोडून अर्धी द्यायची नसते, डोस वजनावर असतो. माझ्या काउंटरच्या एका टोकाला बाळाचे डायपर आहेत आणि दुसऱ्या टोकाला मोठ्यांचे, मध्ये अडीच फूट अंतर आहे. दोन्ही न्यायला बहुतेक वेळा शाळेतलं पोरगंच येतं, हातात चिठ्ठी आणि मोजून दिलेले पैसे.

बहिणीच्याच वहीत एरिक्सन म्हणून दुसरा एक होता, त्यानं १९५० साली माणसाच्या आयुष्याच्या आठ पायऱ्या मांडल्या, प्रत्येक पायरीवर एक ओढाताण. चौदा-पंधराच्या वयाची ओढाताण म्हणजे मी कोण. आता विड्या वळता वळता दहावी करणाऱ्या पोरीला मी कोण हा प्रश्न पडायला फुरसत मिळते का हा वेगळा मुद्दा आहे, हजार विड्या झाल्यावर बघू म्हणत असेल. पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडली, तो नव्वदी गाठून गेला आणि मग त्याच्या बायकोनं, जोननं, १९९७ मध्ये पुस्तकात नववी पायरी घातली, कारण खरं म्हातारपण काय असतं ते दोघांना तिथं पोचल्यावरच कळलं. ज्यानं आयुष्यभर हाच अभ्यास केला त्याची ही गत, तर आमच्यासारख्यांनी घरी बघून शिकायचं म्हणजे कठीणच आहे. आपल्याकडं पण चार आश्रम आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत, पण त्यात बाई कुठल्या आश्रमात असते ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

वेगळा शिक्षक कुठून आणायचा, तास कुठून काढायचा हे प्रश्न येणार. माझ्या मते आठवड्याला एक तास पुरे, आणि शिकवायला आशाताई, अंगणवाडीच्या बाई, गल्लीतले एखादे रिटायर्ड आजोबा आळीपाळीनं बोलवा, खर्च चहाचा. परीक्षा ठेवूच नका, मार्क आले की लगेच गाईड निघतील आणि पोरं टाळू भरण्याची कारणे मुद्देसूद लिहितील. त्याऐवजी एका बाळाची आणि एका म्हाताऱ्या माणसाची वही ठेवायला लावा वर्षभर, घरातलंच, महिन्याला एकदा बघून लिहायचं, बाळ काय नवीन करायला लागलं, आजीनं काय करायचं सोडलं. नाव लिहू नका म्हणावं, घरातलं घरात राहू द्या. मुलांनी पण लिहायचं, मुलींनी पण. शाळेनं बोलावलं तर रविवारी दुपारनंतर माझं दुकान बंदच असतं, मी औषधाचा चमचा आणि उंचीचा हिशोब घेऊन येईन, पैसे नकोत, फळ्याला खडू असला म्हणजे झालं.

पत्र लांबलं, कापायचं तर आश्रमाचं कापा, टाळूचं कापू नका.

आपला,
एक मेडिकलवाला
अक्कलकोट रोड परिसर, सोलापूर

ता. क. पत्र छापलंत तर त्या दिवशीचे दहा अंक जास्त घेईन. पॅड त्यातच गुंडाळून देणार आहे, घरी जाऊन कोणी कागद सरळ करून वाचला तर वाचला.